मसुदा समितीचे अध्यक्ष आणि राहून गेलेली जमीन

वस्त्यांमधल्या अभ्यासवर्गात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. संविधान बाबासाहेबांनी लिहिले, तर मग आमच्या आजोबा-पणजोबांना जमीन का मिळाली नाही? याचे उत्तर पुतळ्याला हार घालून मिळत नाही. त्यासाठी १९४६ ते १९४९ मधले बाबासाहेब समजून घ्यावे लागतात.

संविधान सभेत जायलाच त्यांना झगडावे लागले. मुंबई प्रांतातून वाट बंद होती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर ते १९४६ साली बंगालमधून निवडून आले. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये काँग्रेसच्याच पाठिंब्याने ते मुंबईतून परत आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सभागृहात बहुमत मात्र काँग्रेसचे. बाबासाहेबांच्या पाठीशी स्वतःच्या पक्षाची फळी नव्हती.

त्यांना काय हवे होते, हे मार्च १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात आहे. सगळी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांच्या गटांना ती कसायला द्यावी. मूलभूत उद्योग व विमा सरकारी असावेत. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत. आणि हे साध्या कायद्याने नव्हे, संविधानातच लिहिलेले असावे, म्हणजे सरकार बदलले तरी ते पुसता येणार नाही.

यातले बहुतेक संविधानात आले नाही. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या, त्याही दहा वर्षांसाठी. मुदत जास्त असावी असे त्यांचे मत होते, पण सभागृहाचा कल पाहून त्यांनी दहा वर्षे मान्य केली. (ही मुदत विधिमंडळातल्या जागांची होती, नोकरी-शिक्षणाची नव्हे. व्हॉट्सॲपवर भांडताना आपल्याच पोरांना हे माहीत नसते, याचे वाईट वाटते.) खेड्याला ते जातीचा अड्डा मानत, तरीही ग्रामपंचायतीची दुरुस्ती त्यांनी मार्गदर्शक तत्त्वांत स्वीकारली.

मालमत्तेच्या कलमाची गोष्ट सर्वांत कडू आहे. जमीन घेताना मोबदला किती द्यायचा, यावर नेहरू, पटेल आणि पंत यांची मते वेगळी होती. त्यांच्यातल्या तडजोडीतून कलम ३१ तयार झाले. हे कलम मसुदा समितीचे नाही, असे बाबासाहेबांनी १९५५ साली राज्यसभेत स्पष्ट सांगितले.

मग ते उठून का गेले नाहीत? आम्हाला वाटते, त्यांनी हिशेब केला होता. हातात अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ होते, प्रत्येक प्रौढाला मत होते आणि दाद मागायला थेट सर्वोच्च न्यायालय गाठण्याचा हक्क होता. सभागृहाबाहेर राहून यातले काय मिळाले असते? तडजोडीलाही त्यांची मर्यादा होती. हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांनी मंत्रिपद सोडले.

जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेब गायकवाडांनी तो रस्त्यावर आणला. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारो माणसे तुरुंगात गेली, बाया लेकरे कडेवर घेऊन गेल्या.