बीपीच्या गोळीआधी एक मुळी होती: सर्पगंधेला जगापुढे नेणारे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील

चाकण किंवा भोसरीच्या कुठल्याही कंपनीत वार्षिक मेडिकल चेकअप झालं की दोन-चार जणांच्या कागदावर ‘बीपी वाढलंय’ असा शेरा येतोच. मग रोजची एक गोळी सुरू होते. काही दिवसांनी बरं वाटायला लागतं आणि गोळी ड्रॉवरमध्ये पडून राहते. नाइट शिफ्ट लागली की तीही विसरते. त्यातच कुणीतरी सांगतं, ‘केमिकल कशाला खातोस, सर्पगंधेचं चूर्ण घे, झाडपाल्याचा काही त्रास नसतो.’

गंमत म्हणजे बीपीच्या आधुनिक गोळीचा इतिहास याच सर्पगंधेपाशी सुरू होतो. आणि झाडपाल्यालाही त्रास असतो, डोस मोजावा लागतो, हेही याच मुळीने डॉक्टरांना शिकवलं. या गोष्टीच्या मध्यभागी मुंबईचा एक डॉक्टर आहे. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

बीपीवर औषधच नव्हतं, तो काळ

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं. मुंबईत परतल्यावर केईएम रुग्णालयात काम करत असताना त्यांनी हृदयरोग हा आपला विषय केला. तेव्हा भारतात हृदयरोगतज्ज्ञ ही वेगळी ओळखही नीट रुजलेली नव्हती.

रक्तदाब मोजण्याचं यंत्र त्यांच्या हातात होतं. पण आकडा वाढलेला दिसला तर द्यायचं काय, हा प्रश्न होता. झोपेच्या गोळ्या, मीठ बंद, सक्तीची विश्रांती एवढंच. काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया करत. अमेरिकेत रुग्णांना फक्त भात आणि फळांवर ठेवण्याचा प्रयोगही झाला. वाढलेला दाब ही शरीराची गरजच असते, तो खाली आणू नये, असं मानणारे डॉक्टरही कमी नव्हते.

ही लाचारी किती होती ते एका उदाहरणावरून कळतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. शेवटच्या तासांत त्यांचा रक्तदाब ३०० / १९० नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाला देण्यासाठीही डॉक्टरांकडे भरवशाचं औषध नव्हतं.

मुळी सगळ्यांना माहीत होती, मग नवीन काय?

सर्पगंधा हे छोटं झुडूप भारतात अनेक ठिकाणी आढळतं. सापाचं विष, ताप, झोप न येणं, वेड लागणं अशा तक्रारींवर तिची मुळी पिढ्यानपिढ्या वापरली जात होती.

१९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या वैद्यक जाणकारांनी मानसिक आजार आणि वाढलेला रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी मुळीतली रसायनं वेगळी करत होते. कोलकात्यात रामनाथ चोप्रा यांनी तिच्या परिणामांचा अभ्यास केला. बाजारात मुळीच्या गोळ्याही मिळू लागल्या होत्या.

म्हणजे वकील यांनी मुळी ‘शोधली’ नाही. गुण येतो असं सांगणारे पुष्कळ होते. नेमका किती रुग्णांना, किती गुण आणि कशाच्या बदल्यात, याचं उत्तर मात्र जगाला पटेल अशा रीतीने कुणी मांडलं नव्हतं.

वकील यांनी अनेक वर्षं आपल्या रुग्णांना ही मुळी देऊन पाहिली. मग उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास लिहून काढला. १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात छापून आला. काही आठवड्यांच्या उपचारानंतर बहुतेक रुग्णांचा वरचा आणि खालचा, दोन्ही दाब उतरले होते. सगळ्यांचे सारखे मात्र उतरले नव्हते. कुणाचा थोडा, कुणाचा बराच.

गुण आलेल्या चार रुग्णांच्या हकिकती सांगून हे काम भागलं नसतं. विश्रांतीनेही दाब थोडा खाली येतो आणि डॉक्टर जवळ असल्याच्या दिलाशानेही येतो. त्यामुळे रुग्ण मोजायचे आणि आकडे लिहायचे, एवढाच रस्ता होता. वकील त्या रस्त्याने गेले.

मुंबईतून बोस्टनला

हा लेख अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या नजरेत आला. त्यांनी ही मुळी आपल्या रुग्णांना देऊन पाहिली आणि तिथेही दाब उतरला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं केलं. त्याला नाव मिळालं रेसर्पीन. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं.

ही सगळी धावपळ चालू होती, त्याच काळात पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहत होता. कंपनीची स्थापना १९५४ ची. पिंपरीत पेनिसिलीन बनायला लागलं आणि मुंबईच्या रुग्णालयात तपासलेली मुळी जगभरात गोळी बनून पोहोचली.

१९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकीय संशोधनात नोबेलच्या खालोखाल ज्यांचं नाव घेतात, त्यांपैकी हा एक. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांना भारतातल्या आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हटलं जातं.

मग त्रास दिसायला लागला

रेसर्पीन काम कसं करतं? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिन नावाच्या रसायनाचा साठा असतो. ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब वाढतो. रेसर्पीन हा साठाच रिकामा करतं. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो.

पण अशीच रसायनं मेंदूतही असतात. त्यांचाही साठा कमी होतो. त्यामुळे गुंगी, नाक चोंदणं आणि काही रुग्णांमध्ये गंभीर नैराश्य दिसू लागलं. यातल्या अनेकांना डोस मोठा दिला जात होता. पुढे कळलं की दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी रेसर्पीन पुरतं. या औषधाचा परिणाम सावकाश येतो आणि गोळी थांबवली तरी काही दिवस टिकतो. आज काहीच जाणवलं नाही म्हणून उद्या डोस वाढवला, तर पुढच्या आठवड्यात ते महागात पडतं.

तरीही दाब उतरवून माणूस वाचतो का, हा मूळ प्रश्न शिल्लक होता. त्याचं ठोस उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्रीस यांच्या अभ्यासाने दिलं. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना तीन औषधं एकत्र दिली आणि बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. औषध घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात, हृदय बंद पडणं आणि मृत्यू यांचं प्रमाण खूपच कमी निघालं. त्या तीन औषधांपैकी एक होतं रेसर्पीन.

वकील यांनी पुढची वर्षं रुग्ण तपासण्यात आणि विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं लिहिण्यात घालवली. रुग्णाची तपासणी कशी करायची यावरचं, डॉ. गोलवाला यांच्यासोबतचं त्यांचं पाठ्यपुस्तक डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी वाचलं. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत बीपीसाठी अधिक सोयीची औषधं येऊ लागली होती आणि सर्पगंधेचा जमाना सरत चालला होता.

आज गोळी घेणाऱ्याने यातून काय घ्यायचं?

आज बहुतेकांच्या चिठ्ठीवर अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी असते. औषधं बदलली, पण मोजून-मापून चालायची शिस्त तीच आहे.

• बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका. वाढलेला दाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. गोळीमुळेच आकडा ठीक असतो. काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडिन किंवा ॲटेनोलॉल, एकदम थांबवल्या तर दाब उसळतो.

• शिफ्ट बदलली तरी गोळीची वेळ ठरलेली ठेवा. फर्स्ट, सेकंड आणि नाइट या तिन्ही शिफ्टमध्ये जमेल अशी वेळ डॉक्टरांशी बोलून निवडा. गोळी विसरलात तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

• अंगदुखीच्या गोळ्या जपून घ्या. दिवसभर उभं राहून पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं, तर दाब वाढू शकतो. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्याने मूत्रपिंडावरही ताण येतो. सर्दीच्या काही गोळ्याही दाब वाढवतात. दुकानदाराला आधी सांगा की बीपीची गोळी सुरू आहे.

• त्रास लपवू नका. अम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. उठताना चक्कर येत असेल तर मशीनवर काम करणाऱ्याने ते आवर्जून सांगायला हवं. बदली गोळी असते. गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिलसारख्या गोळ्या तेव्हा चालत नाहीत.

• सर्पगंधेचं चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. एका मुळीत औषधी रसायन जास्त असतं, दुसरीत कमी. चमचाभर चूर्णात ते किती गेलं हे कळायला मार्ग नाही. चालू गोळीवर ते घेतलं तर दाब फार खाली जाऊ शकतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना तर धोका अधिकच.

• आकडे लिहून ठेवा. पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखू टाळून दाब मोजा. तारीख, वेळ आणि आकडा एका वहीत लिहा. पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा अचानक असह्य डोकेदुखी असेल, तर गोळी वाढवत बसू नका. थेट रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा.

वकील यांच्या आधी अनेकांनी सर्पगंधेचे गुण सांगितले होते. वकील यांनी ते मोजले आणि लिहून ठेवले, म्हणून मुंबईतल्या एका डॉक्टरचा अनुभव बोस्टनमधल्या रुग्णाच्याही उपयोगी पडला. घरातल्या वहीत रोज लिहिलेला दाबाचा आकडा तुमच्या डॉक्टरांच्या असाच उपयोगी पडतो.