डिझेल नावाचा माणूस आणि आमची वॅगन

खरं सांगायचं तर मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि बाकी घरातलं बोलणं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील तर संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. पण हा विषय मला इंग्रजीत लिहावासाच वाटला नाही. कारण हे सगळं घडलं ते धुळ्याजवळच्या आमच्या मळ्यात, निंबाच्या झाडाखाली, आणि तिथे इंग्रजी कुणी बोलत नाही. आमचे मिस्त्री तर अहिराणीशिवाय बोलतच नाहीत!

आमच्या आबांची (म्हणजे आजोबांची) एक विलीज स्टेशन वॅगन आहे. साठच्या दशकातली. लांबट, चौकोनी, मागे सामान ठेवायला भरपूर जागा. आबांनी तिच्यातून कापूस नेला, वऱ्हाडं नेली, एकदा तर म्हणे बाळंतिणीला रात्री पारोळ्याहून धुळ्याला आणलं. पुढे तिच्या पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि ती निंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. मागच्या उन्हाळ्यात काकांनी ठरवलं की भंगारात निघालेल्या एका बोलेरोचं डिझेल इंजिन, त्याच्या कागदपत्रांसकट घ्यायचं आणि घरीच वॅगनमध्ये बसवायचं. आबांचं वय झालंय, त्यांना एकदा पुढच्या सीटवर बसून मळ्याला चक्कर मारायची आहे, एवढंच कारण.

घरात मोठा वाद झाला. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढची गाडी मूळ रूपात असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. इंजिन बदललं की तो मान गेला. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल करून गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. शेवटी ठरलं की जुनं इंजिन ग्रीस लावून शेडमध्ये जपून ठेवायचं, आरटीओकडे अर्ज द्यायचा, आणि परवानगी येईपर्यंत गाडी मळ्याच्या कुंपणाबाहेर काढायची नाही.

मी मेकॅनिकलची, म्हणून ड्रॉइंगचं काम माझ्याकडे आलं. दुपारी पारा ४४ वर, काम करणं अशक्य. तेव्हा पंख्याखाली पडून मी एका माणसाचं चरित्र वाचत होते, ज्याचं आडनाव आपण रोज पेट्रोल पंपाच्या बोर्डावर वाचतो आणि तो माणूस होता हे विसरूनच जातो. रुडॉल्फ डिझेल!

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू आणि पुस्तकबांधणीचं काम करायचे, परिस्थिती बेताचीच. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून जर्मनीत, ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. काका गणित शिकवायचे. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार. (आपल्याकडे हे उलटं असतं. आईवडील मुलाला कळवतात.)

पुढे स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, आजच्या फ्रीजच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. लिंडे सरांनी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला सांगितलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा धड वापरत नाही, बाकी सगळी वाया जाते. आणि कार्नोचं गणित तर सांगतं की याच्या कितीतरी पट मिळू शकतं. आपण हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ करतो. डिझेलच्या मात्र ते डोक्यात बसलं.

आता हे वाचा आणि लक्षात ठेवा. १८७९ मध्ये, शेवटच्या परीक्षेच्या वेळी, डिझेलला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. बरोबरची मुलं पास होऊन गेली आणि हा मागे राहिला. मधल्या काळात स्वित्झर्लंडला सुल्झर कंपनीत त्याने शॉप फ्लोअरचा अनुभव घेतला. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला.

नंतर तो पॅरिसला लिंडेंच्या बर्फ बनवायच्या यंत्रांवर काम करू लागला. १८८३ मध्ये लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. पोटापाण्यासाठी बर्फ आणि डोक्यात आग, असं दहा वर्षं चाललं. शेवटी त्याची कल्पना पक्की झाली. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन मिसळून दाबतात आणि ठिणगी देऊन पेटवतात. फार दाबलं तर मिश्रण नको तेव्हा पेटतं, म्हणून दाबायला मर्यादा येते. डिझेल म्हणाला की नुसती हवाच दाबा. इतकी दाबा की ती स्वतःच तापेल, आणि मग त्यात इंधन सोडा. ठिणगी लागणारच नाही. आमच्या वॅगनच्या जुन्या इंजिनात दाबाचं प्रमाण साधारण ७ ला १ आणि नव्या इंजिनात १८ ला १ च्या आसपास. फरक सगळा इथे आहे, आणि अॅव्हरेजसुद्धा इथूनच येतो.

१८९२ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि पुस्तकही निघालं. पण त्यात एक मोठी चूक होती. तापमान न वाढवता इंधन जाळायचं, असं त्याने मांडलं होतं. त्यासाठी जवळजवळ २५० अॅटमॉस्फिअरचा दाब लागला असता आणि मिळणारी सगळी ताकद हवा दाबण्यातच संपली असती. त्याच वर्षी त्याला हे कळून चुकलं आणि त्याने स्थिर दाबावर इंधन जाळायचं नवं पेटंट घेतलं. आपण पीव्ही डायग्रामवर जी आडवी रेघ काढतो ना, ती ही. पण आधीचं चुकलं होतं हे त्याने उघडपणे मान्य केलं नाही. विरोधकांनी नंतर त्यावरूनच त्याला वर्षानुवर्षं सतावलं.

ऑग्सबर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनात इंधन सोडलं. स्फोट झाला, दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं, डिझेल थोडक्यात वाचला. पण हवा दाबून इंधन पेटतं हे सिद्ध झालं! १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन स्वतःच्या बळावर चाललं, किती वेळ, तर एक मिनिट. त्यानंतर आणखी तीन वर्षं खपून फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रोफेसर श्रोटरांनी अधिकृत चाचणी घेतली. साधारण १८ अश्वशक्ती आणि २६.२ टक्के कार्यक्षमता. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

मग पैसा आला. अमेरिकेतल्या बुश नावाच्या बिअरवाल्याने हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. म्युनिकला मोठा बंगला झाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे वाचून मी उठून बसले. आमच्या खान्देशात घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाशिवाय स्वयंपाक नाही, आणि ते तेल सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसला इंजिनात जळत होतं! आबांना सांगितलं तर ते म्हणाले की आजच्या भावात तेल गाडीत नको, कढईतच बरं.

पण चित्र वरून दिसतं तसं नव्हतं. सुरुवातीला विकलेली इंजिनं सारखी बंद पडायची, गिऱ्हाईकं तक्रार करायची. पेटंटचे खटले चालूच. १८९८ मध्ये तो मनाने इतका खचला की काही महिने सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारात पैसा बुडत गेला. बाहेर बंगला, भाषणं, मानसन्मान आणि आत हिशेबाच्या वहीत खड्डा. त्याने तो कुणालाही दाखवला नाही, घरच्यांनासुद्धा नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. सोबत दोन ओळखीचे होते. जेवण झालं, गप्पा झाल्या, सकाळी लवकर उठवायला सांगून तो केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती आणि बिछान्याला कुणी हात लावलेला नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला आणि जवळच्या वस्तूंवरून मुलाने वडिलांना ओळखलं. वय ५५. नक्की काय झालं हे कधीच सिद्ध झालं नाही. पण कर्ज किती होतं हे घरच्यांना त्यानंतर कळलं, आणि बहुतेक अभ्यासकांना वाटतं की त्याने स्वतःच जीव दिला.

वाईट याचं वाटतं की खरं राज्य त्यानंतर सुरू झालं. त्याच्या काळात इंधन आत ढकलायला हवेचा मोठा कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून इंजिन कारखान्यात आणि जहाजातच बसायचं. १९२० च्या दशकात बॉश कंपनीचा इंजेक्शन पंप आला, ट्रक डिझेलवर धावू लागले. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार आली. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरची मोट जाऊन तिथे इंजिनाची टकटक आली. डिझेल इंजिन असलेली मोटारगाडी डिझेलने स्वतः कधी रस्त्यावर पाहिलीच नाही.

आता निंबाखाली परत येऊ. चेन कुप्पीने जुनं इंजिन उतरवलं. नवं इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. फाउंडेशन नवी वेल्ड केली. टाकी धुऊन इंधन परत येण्याची दुसरी लाइन टाकली, कारण पेट्रोलच्या जुन्या गाडीला ती नव्हती. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे एक जाड प्लेट लागते. तिचं ड्रॉइंग मी काढलं आणि धुळ्याला लेथवर प्लेट करून आणली.

त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. दोन विषय गेले. त्यातला एक थर्मोडायनॅमिक्स! घरी मी निकाल अजून लागायचाय असं सांगितलं. आणि त्याच रात्री पुठ्ठ्याचा साचा ठेवून बघताना लक्षात आलं की प्लेटचं केंद्र अर्धा मिलिमीटर सरकलंय. माझीच चूक. पण आधीच एक गोष्ट लपवलेली, दुसरी सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय?

होतं. इंजिन पहिल्या दोन सेल्फमध्ये सुरू झालं, आबांनी नारळ फोडला, सगळे खूश. दहा मिनिटांत गिअरबॉक्समधून खरखर यायला लागली आणि सगळी गाडी थरथरू लागली. मिस्त्रींनी बंद करून खोललं तर फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग पार खाल्लं गेलं होतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मला डिझेलची ती वही आठवली. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. आधी प्लेटचं, आणि मग रडत रडत निकालाचं.

काका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की आधी का नाही सांगितलंस, प्लेट तर एका दिवसात झाली असती. आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच मला पुस्तकं घेऊन बसवलं. नवी प्लेट झाली, चार दिवसांची मेहनत परत करावी लागली, आणि वॅगन आता मळ्यात चालते. आबा पुढच्या सीटवर बसतात आणि माझ्या गिअर टाकण्यावर टीका करतात. आरटीओचा कागद अजून यायचाय. हिवाळ्यात माझे दोन्ही विषय निघाले.

मित्रांनो, डिझेलशी स्वतःची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. पण त्याच्या आयुष्यात एक परीक्षा हुकली होती, ती सगळ्यांना माहीत होती आणि तो त्यातून सहज उठला. जे त्याने मनात कुलूप लावून ठेवलं, त्यातून मात्र उठला नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये बॅक लागलेले, वायडी झालेले, घरी खोटं सांगून खोलीत दार लावून बसलेले कितीजण आहेत हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी घरी फोन करावा. घरी जमत नसेल तर रूममेटला, रेक्टरना, एखाद्या सरांना सांगावं. आणि शेजारच्या खोलीचं दार फार वेळ बंद दिसलं तर आपण टकटक करावी.

ज्यांचा थर्मो राहिलाय, त्यांनी शनिवारी दुपारी लायब्ररीत भेटावं. माझ्या नोट्स आहेत. आणि त्या आडव्या रेघेची गोष्ट मला आता चांगली समजावून सांगता येते!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी