भीमराव आंबेडकर यांचे आजारपण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय विधिज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. उत्तरायुष्यात त्यांना मधुमेह व पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी ग्रासले होते. संविधाननिर्मिती आणि धर्मांतर ही त्यांची दोन मोठी कार्ये याच आजारपणाच्या काळात पूर्ण झाली.

नाशिक जिल्ह्यातील कार्य

२ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथे काळाराम मंदिर प्रवेश सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे या लढ्याचे प्रमुख संघटक होते. सुमारे पाच वर्षे लढूनही मंदिराचे दरवाजे अस्पृश्यांना उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला.

आजार आणि संविधान

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाची मसुदा समिती नेमण्यात आली व आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. समितीच्या अन्य सदस्यांपैकी अनेकांच्या अनुपस्थितीमुळे कामाचा मुख्य भार त्यांच्यावर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत नमूद केले. या काळात त्यांना निद्रानाश व पायदुखीचा त्रास होता आणि ते इन्सुलिन घेत असत. मुंबईत उपचारांदरम्यान त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले.

मधुमेहाचा मज्जातंतूंवरील परिणाम

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास मज्जातंतू व त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या यांना इजा होते. सर्वांत लांब तंतू पायांकडे जात असल्याने बधिरपणा, मुंग्या आणि जळजळ बहुधा तळपायांपासून सुरू होते. परिणाम पायांपुरताच राहत नाही. इजा झालेल्या तंतूंकडून अवाजवी संदेश येत राहिल्याने मज्जारज्जूतील वेदनावाहक पेशी अधिक संवेदनशील होतात, तर वेदना आवरणारी यंत्रणा दुबळी पडते. त्यामुळे बाह्य कारण नसतानाही वेदना जाणवते व रात्री ती अनेकदा वाढते. मज्जारज्जूच्या या सहभागाचे आकलन मुख्यतः आंबेडकरांच्या निधनानंतरच्या संशोधनातून झाले.

अखेरची वर्षे

हिंदू संहिता विधेयक रखडल्याने आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४मध्ये ते काही महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांची दृष्टीही मंदावली होती. येवल्यातील घोषणेनंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीतील निवासस्थानी झोपेतच त्यांचे निधन झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला.