स्टान्सच्या अनाथांचे गुरुजी

योहान हाइनरिख पेस्टालोत्सी हे नाव आपल्या मंडळ्यांतील बहुतेक शिक्षक-शिक्षिकांनी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असेल. त्यांच्या अध्यापनपद्धतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्या आयुष्यातील जेमतेम पाच महिन्यांविषयी लिहीत आहोत. हिंसाचाराने होरपळलेल्या मुलांना शाळेतच गटाने एकत्र बसवून त्यांच्या मनावर उपचार करण्याची पद्धत आज अनेक देशांत आहे. तिला असे नाव मिळण्याच्या कितीतरी आधी या गृहस्थांवर तेच काम एकट्याने करण्याची वेळ आली.

१२ जानेवारी १७४६ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. आईने आणि बाबेली नावाच्या इमानी मोलकरणीने त्यांना वाढवले. आजोबा खेड्यात पाळक होते. पुढे त्यांनी गरीब मुलांसाठी काढलेली शाळा १७८० साली पैशाअभावी बंद पडली, आणि लोक त्यांना निरुपयोगी माणूस समजू लागले.

१७९८ साली फ्रेंचांच्या पाठिंब्याने स्वित्झर्लंडमध्ये नवे सरकार आले. निड्वाल्डन प्रांतातील रोमन कॅथलिक शेतकऱ्यांनी त्याच्याशी एकनिष्ठतेची शपथ घेण्याचे नाकारले. ९ सप्टेंबरला फ्रेंच सैन्य त्यांच्यावर चालून आले. सुमारे चारशे माणसे मारली गेली, त्यांत स्त्रिया व मुलेही होती. शेकडो घरे जळाली. उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी सरकारने स्टान्स या गावी अनाथालय काढायचे ठरवले आणि बावन्न वर्षांच्या पेस्टालोत्सींना तेथे पाठवले.

त्यांची अडचण वाचकांनी ध्यानात घ्यावी. ते प्रॉटेस्टंट, गाव कॅथलिक. आणि ज्या सरकारमुळे घरेदारे जळाली त्याच सरकारचा हा माणूस! लोकांचा विश्वास बसणार कसा?

१४ जानेवारी १७९९ रोजी जोगिणींच्या मठाच्या एका बाजूला, सुतार-गवंड्यांचे काम चालू असतानाच, मुले येऊ लागली. पुढे ती ऐंशीच्या आसपास झाली. कोणाच्या अंगाला खरूज, कोणाच्या डोक्यावर फोड, कोणी नुसता हाडांचा सापळा. काही भेदरलेली, काही भीक मागून निर्ढावलेली. प्रेमाने बोलणाऱ्याकडेही संशयानेच पाहणारी. दहांत एखाद्यालाच मुळाक्षरे येत. मदतीला एक घरकाम पाहणारी बाई, बाकी कोणी नाही.

पेस्टालोत्सींनी उपदेशाने सुरुवात केली नाही, याचे आम्हांला विशेष वाटते. ते मुलांबरोबर जेवले, त्यांच्यातच निजले, त्यांना स्वतः धुतले-पुसले. रात्री अंथरुणावर पडल्यावरही मुलांना झोप लागेपर्यंत प्रार्थना आणि गोष्टी चालत. आपल्यावर कोणाची तरी माया आहे हे मुलाला आधी कळावे आणि चांगुलपणाचे शब्द त्यानंतर यावेत, असा त्यांचा क्रम होता. पुस्तके नव्हतीच. सगळी मुले एका सुरात म्हणत; थोडे अधिक येणारे मूल दोन कच्च्या मुलांच्या मध्ये बसे आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून त्यांना शिकवी. कालपर्यंत कोणाचेच नसलेले ते पोर आता दोघांचा आधार होई.

कधीकधी ते मुलांना चापटही मारीत. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. आज कोणी तिचे अनुकरण करू नये. काही आया मुलांना नवे कपडे मिळताच घरी घेऊन जात, याचेही त्यांना फार दुःख होई.

एप्रिलमध्ये जवळचे आल्टडॉर्फ गाव आगीत भस्मसात झाले. पेस्टालोत्सींनी मुलांना भोवती जमवले आणि तेथील वीस बेघर मुलांना आपल्यात घ्यायचे का, असे विचारले. सर्वांनी एकदम होकार दिला. मग त्यांनी बजावले की, जेवण कमी पडेल, काम वाढेल, कपडे वाटून घ्यावे लागतील. तरीही मुले मागे हटली नाहीत. ज्यांची स्वतःची घरे सात महिन्यांपूर्वी जळाली होती, तीच ही मुले!

८ जून १७९९ रोजी फ्रेंच सैन्याच्या इस्पितळासाठी इमारत रिकामी करावी लागली. निघालेल्या मुलांना त्यांनी कपड्यांचे दोन-दोन जोड आणि थोडे पैसे दिले. स्वतःची प्रकृती ढासळल्याने ते गुर्निगेल या डोंगरावरील ठिकाणी विश्रांतीस गेले, आणि तेथून एका मित्राला त्यांनी स्टान्सविषयी लांबलचक पत्र लिहिले. ते आजही शिक्षक वाचतात. पुढे बुर्गडॉर्फ व इव्हेरडों येथील त्यांच्या शाळा पाहण्यास युरोपभरातून माणसे आली. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे ते वारले. स्टान्सच्या मुलांकडे परत जाण्याची त्यांची फार इच्छा होती, परंतु सरकारने ते काम पुन्हा त्यांच्या हाती दिले नाही.