मराठीचा ‘विकिपीडिया’ शंभर वर्षांपूर्वी कागदावर उभा करणारे ज्ञानकोशकार केतकर

एकच फाईल दहा जणांनी उघडायची, ज्याला जे ठाऊक आहे ते त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि तयार झालेलं सगळ्यांना वाचायला मिळायचं. मोबाईलवर हे आज सहज होतं. मराठीत हाच उद्योग 1916 साली एका माणसानं काढला होता. हाताशी होते कागद, टाक आणि छापखाना.

त्यांचं नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

1931 साली हैदराबादला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच केतकर. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तर जिल्हाही नव्हता, ते उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव. राज्याचा कारभार उर्दूत आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणही उर्दूतून. म्हणजे नांदेडच्या एखाद्या मराठी पोराला जगाचा इतिहास किंवा रसायनशास्त्र वाचायचं झालं तर आधी उर्दू नाहीतर इंग्रजी गाठायची. अशा राज्याच्या राजधानीत मराठी माणसांनी अध्यक्षपदी बसवला तो एक कोशकार. ही निवड साधी म्हणता येणार नाही.

केतकर स्वतःही पुण्यामुंबईचे नव्हते. जन्म 2 फेब्रुवारी 1884 चा, रायपूरचा. शाळा अमरावतीत, पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज. 1906 साली ते अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. विषय होता भारतातल्या जातिसंस्थेचा इतिहास. तिथून लंडन आणि मग परत भारत. एवढं शिकलेल्या माणसानं प्राध्यापकी पकडली असती तर आयुष्य आरामात गेलं असतं. केतकरांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं.

इंग्रजांकडे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका होता. त्याची सुरुवात 1768 सालची, म्हणजे दीडशे वर्षं तो वाढत, सुधारत आलेला. मराठीत तसा ग्रंथ हवा, आणि तोही काही वर्षांत, असा केतकरांचा हट्ट.

पण पैसा कुठून आणायचा? राजाश्रयाची वाट बघत न बसता त्यांनी नागपुरात चक्क कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ लिमिटेड. लोकांना शेअर विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले. पुस्तक छापायच्या आधीच वाचकाकडून पैसे घ्यायचे, हल्लीच्या भाषेत क्राउडफंडिंग. पुढे कामाचं बस्तान पुण्यात बसलं.

खरी कसोटी तिथून पुढे होती. नामवंत विद्वान लेख देतील या भरवशावर एवढा मोठा ग्रंथ वेळेत निघत नाही. म्हणून केतकरांनी पगारी तरुणांचं कार्यालयच उभं केलं. वाचायचं, टिपणं काढायची, लेख लिहायचे, तपासायचे, छापखान्याकडे धाडायचे. कारखान्यासारखं काम. अनेक विषयांना मराठीत शब्दच नव्हते, तेही घडवावे लागायचे.

यात एक अडचण आज चटकन लक्षात येत नाही. ऑनलाईन पानावर चूक झाली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. इथे ‘अ’चा खंड एकदा छापून गेला की ‘अ’चा राहिलेला विषय कायमचा राहिला. समजा कापसावरचा लेख ‘क’मध्ये आला, तर सुताबद्दल लिहिणाऱ्याला त्यात काय आलंय हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर तेच पुन्हा छापलं जाणार. सगळ्यांनी एकमेकांचं काम ध्यानात ठेवायचं आणि तेही कागदी टिपणांवर!

पहिले पाच खंड तर अकारविल्हे नव्हतेच. ते प्रस्तावनाखंड. वेदविद्या, बुद्धपूर्व जग, विज्ञानाचा इतिहास असे मोठे विषय त्यात आले. झटपट माहिती शोधायला बसलेल्या वर्गणीदाराच्या हाती आधी हे जाडजूड ग्रंथ पडले. केतकरांचा विद्वान स्वभाव इथे त्यांच्यातल्या व्यवस्थापकावर कुरघोडी करून गेला, असंच म्हणावं लागतं. तरी 1920 च्या दशकात काम तडीस गेलं. सूचीसह एकूण 23 खंड. पुढे या सगळ्या खटाटोपाचा हिशोबही केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडून ठेवला.

या धामधुमीत 1920 साली त्यांनी लग्न केलं ते ईडिथ कोहन या ज्यू बाईंशी. लंडनमधली ओळख. लग्नानंतर त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद करणाऱ्या मिसेस केतकर त्या ह्याच.

केतकरांच्या वाट्याला शेवटी पैसा काही आला नाही. ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, 1935 साली ‘प्राचीन महाराष्ट्र’ आला, पण ओढाताण सुटली नाही. त्यात मधुमेह. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात ते गेले, वय अवघं 53.

त्यांच्या कार्यालयात तयार झालेली माणसं मात्र थांबली नाहीत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघे ज्ञानकोशातच घडले. त्यांनीच पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला. मराठी शब्दाचा अर्थ अडला की आजही ‘दाते-कर्वे’ बघा म्हणतात, ते हेच.

आणि ज्ञानकोश? यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं तो इंटरनेटवर आणलाय, मोफत. औशात किंवा देगलूरात बसून मोबाईलवर उघडता येतो. फक्त वाचताना एक ध्यानात ठेवायचं, माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे. त्यात मराठवाडा शोधाल तर निजामाच्या राज्यातलाच भेटेल.