कारंज्यात जन्मलेल्या टिळकांच्या काळात पुण्याची एनसीएल कारखान्याचं गणित मांडत होती

कारंजा लाड म्हटलं की लोकांना आठवतं गुरुमंदिर. नाहीतर जुनी जैन मंदिरं, कापसाचा बाजार आणि मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ती छोटी शकुंतला रेल्वे. पण देशाच्या केमिकल इंडस्ट्रीत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक याच कारंज्यात जन्मले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

तारीख होती २६ सप्टेंबर १९१८. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, कारंजा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम वेगळा झाला थेट १९९८ साली.

त्या काळचं चित्र बघा. वऱ्हाडातला कापूस शकुंतलेत बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या रेल्वेने मुंबई आणि पुढे बोटीने मँचेस्टर. कापूस आपला, पण कापड रंगवायचे कृत्रिम रंग बाहेरचे. पहिल्या महायुद्धापर्यंत या धंद्यावर जर्मन कंपन्यांची जवळपास मक्तेदारी होती. कापसाच्या गावात जन्मलेल्या या पोराने पुढे संशोधनासाठी विषय निवडला तो नेमका रंगांचा.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग सुरू केला होता. हीच ती प्रसिद्ध यूडीसीटी, आजची आयसीटी. तिथे टिळकांना गुरू मिळाले के. वेंकटरामन, रंगरसायनांमधलं जगभर मानलं जाणारं नाव. पुढे टिळक ऑक्सफर्डला गेले आणि सर रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे डॉक्टरेट केली. या रॉबिन्सन साहेबांना १९४७ साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

परत येऊन टिळक यूडीसीटीतच शिकवायला लागले. रंग आणि गंधक असलेली सेंद्रिय संयुगं हा त्यांचा प्रांत. १९६३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. इथपर्यंतची गोष्ट एका हुशार प्राध्यापकाची आहे, असे प्राध्यापक त्या काळात आणखीही होते.

खरी गोष्ट १९६६ नंतरची. त्या वर्षी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे संचालक झाले. आधीचे संचालक त्यांचेच गुरू वेंकटरामन.

आता इथे एक अडचण समजून घ्यायला हवी. प्रयोगशाळेत एक लिटरच्या चंबूत एखादं रसायन छान तयार झालं. मग हजार लिटरच्या टाकीत हजारपट माल टाका, झालं काम, असं वाटतं ना? तसं होत नाही. भांड्याचा आकार तोच ठेवून ते हजारपट मोठं केलं, तर माल हजारपट वाढतो पण भांड्याची बाहेरची बाजू फक्त शंभरपट वाढते. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला जागा उरते दहावा हिस्सा. चंबूत जी रिॲक्शन गुमान चालली होती ती टाकीत तापत जाते. कधी माल वाया जातो, कधी स्फोट होतो.

यावर उपाय म्हणजे आधी गणित मांडणं. रिॲक्शन किती वेगाने होते, उष्णता किती निघते, कॅटॅलिस्टच्या बारीक छिद्रांतून रेणू आत कसे शिरतात, हे सगळं समीकरणांत बसवायचं आणि कारखाना आधी कागदावर चालवून बघायचा. यालाच मॉडेलिंग म्हणतात. आज हे काम कॉम्प्युटर करतो. साठीच्या दशकात देशात कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके होते.

एनसीएलमध्ये हे काम करणारा माणूस १९५४ पासूनच होता, एल. के. दोराईस्वामी. अमेरिकेत विस्कॉन्सिनला शिकून आलेले. टिळक स्वतः चंबूवाले केमिस्ट, समीकरणं त्यांचा विषय नव्हता. पण त्यांच्या बारा वर्षांच्या काळात एनसीएलमधली केमिकल इंजिनिअरिंगची शाखा जोमाने वाढली. १९७६ साली तरुण रघुनाथ माशेलकर इंग्लंड सोडून तिथे रुजू झाले, तेही टिळक संचालक असतानाच.

वेळही तशीच होती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट बंद झालं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळू लागलं. म्हणजे तेच औषध वेगळ्या वाटेने बनवता आलं तर ते बनवायची मोकळीक. पण ती वाट चंबूतून टाकीपर्यंत नेणारी माणसं देशात हवीत, नाहीतर कायदा नुसता कागदावर.

१९७२ साली टिळकांना पद्मभूषण मिळालं. १९७८ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत दोराईस्वामी बसले. रंगांच्या केमिस्टनंतर केमिकल इंजिनिअर. दोराईस्वामींनी पुढे यूडीसीटीच्या एम. एम. शर्मांबरोबर केमिकल रिॲक्शन्सवर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, ते १९८४ साली आलं. या विषयात काम करणाऱ्यांना ते आजही ठाऊक असतं.

निवृत्तीनंतर एखाद्या मोठ्या कंपनीत सल्लागार होणं टिळकांना अवघड नव्हतं. त्यांनी मात्र पुण्यात ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याचं केंद्र काढलं, कॅस्टफोर्ड नावाचं. हजारो लिटरच्या टाक्यांचा विचार केलेला माणूस आता खेड्याला परवडेल अशा तंत्राच्या मागे लागला.

२५ मे १९९९ रोजी ते गेले. वाशिम जिल्हा तेव्हा जेमतेम एक वर्षाचाही नव्हता.