वॉलेसच्या वहीतलं जंगल

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव आपल्याकडे डार्विनच्या मागोमाग, ओझरतं येतं. मला हा माणूस भावला तो त्याच्या हिशेबांमुळे. बँकेत आयुष्य गेलेल्याला दुसरं काय भावणार!

१८२३ साली वेल्समध्ये जन्मलेल्या वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. पुढे वर्षावनातले किडे, पाखरं, कातडी जमवून विकायची आणि त्याच पैशावर भटकायचं, हा त्याचा धंदा झाला. ॲमेझॉनची चार वर्षांची कमाई १८५२ मध्ये परतीच्या जहाजाला आग लागून भर समुद्रात भस्म झाली. लंडनच्या दलालानं विमा उतरवला होता, म्हणून निभावलं. दोनच वर्षांत हा गडी पुन्हा सिंगापूरला उतरला! तिथल्या बेटांवर आठ वर्षांत त्यानं १,२५,६६० नमुने जमवले. १८५८ मध्ये उत्क्रांतीचा विचारही त्यानं तिथूनच डार्विनला धाडला. एवढं करून भलत्या गुंतवणुकींत पैसा बुडाला तो बुडालाच. १८८१ मध्ये डार्विनच्या खटपटीनं वर्षाला २०० पौंड पेन्शन सुरू झालं.

बोर्निओत, सारावाक नदीच्या मुखाशी, आज बाको राष्ट्रीय उद्यान आहे, १९५७ पासूनचं. तिथं मी लांबनाकी माकडं डोळे भरून पाहिली. ओरांगउटान मात्र बाकोत नाहीत.

वॉलेसनं ते पाहिले आणि मारलेही, डझनाहून अधिक. १८५५ मध्ये कोळशाच्या खाणीजवळ त्याचा मुक्काम होता. खाणीसाठी तोडलेल्या झाडांवर भुंगेरे मुबलक. मजुरांना तो किड्यामागे एक सेंट मोजायचा. तिथंच त्यानं एक मादी टिपली आणि तिचं तान्हं चिखलात सापडलं. दूध मिळेना, म्हणून त्यानं बाटलीनं पेज पाजली. त्याला न्हाऊमाखू घातलं. आपल्याकडे वासरू मेलं की गाईपुढे पेंढा भरलेलं वासरू ठेवत; वॉलेसनं म्हशीच्या कातड्याची आई केली! पिल्लू तिचे केस चोखून गुदमरू लागलं, तेव्हा मोडून टाकली.

जीवजाती नाहीशा होताहेत, पुढच्या पिढ्या आपल्याला जाब विचारतील, असा इशारा पुढे १८६३ मध्ये त्यानंच दिला.

पिल्लू जेमतेम तीन महिने जगलं. वॉलेसनं त्याचंही कातडं आणि सांगाडा जपून ठेवला. हाडं साफ करताना त्याला दिसलं, की एक हात आणि एक पाय मोडून पुन्हा जुळलेला होता. आईबरोबर झाडावरून पडलं तेव्हाचं ते मोडणं असावं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.